सावलीतला तांबडा रंग

वाळवंटातील खडकांची छायाचित्रे म्हटली की डोळ्यांपुढे सूर्योदय उभा राहतो. अमेरिकेच्या युटा राज्यातील मेसा आर्च या वालुकाश्माच्या कमानीपाशी तर उजाडण्यापूर्वीच छायाचित्रकारांची दाटी होते. खालच्या कड्यावर पडलेले कोवळे ऊन परावर्तित होऊन कमानीची आतली बाजू निखाऱ्यासारखी उजळते. दृश्य देखणे खरेच. पण अशी अनेक चित्रे पाहिल्यावर लक्षात राहते ते ऊन. दगड कसा होता, हे आठवत नाही. तिरप्या उन्हाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि फिकट दगडही तांबूस दिसू लागतो. तो रंग उसना असतो.

या पार्श्वभूमीवर एलियट पोर्टर (१९०१–१९९०) यांचे 'द प्लेस नो वन न्यू' हे सिएरा क्लबने १९६३ साली काढलेले पुस्तक पुन्हा पाहावे. वैद्यकशास्त्र सोडून कॅमेऱ्याकडे वळलेल्या या कलावंताने कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅनियनमध्ये बहुधा सावलीतल्या भिंती टिपल्या. समोरच्या कड्यावरचे ऊन दगडाचाच तांबडा रंग घेऊन सावलीत उतरते. ओल्या खडकावर आकाशाची निळाई सांडते. ओघळांचे काळे पट्टे, वाळूचे थर, सारे संथपणे दिसते. पाहणाऱ्याला थांबावे लागते, हे या चित्रांचे मोठे यश.

पुस्तकाचे नाव मात्र खटकते. 'कोणालाच ठाऊक नसलेली जागा' म्हणताना प्राचीन पुएब्लो लोकांची तिथली घरे आणि परिसरातले नावाहो लोक हिशेबातून सुटतात. चित्रांतही माणूस जवळजवळ नाही. नकाशे आणि गणना दुसऱ्यांनी केलेल्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल.

१९६३ च्या मार्चमध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ही घळ लेक पॉवेलखाली जाऊ लागली. २००५ साली दुष्काळाने पाणी ओसरले, तेव्हा 'कॅथीड्रल इन द डेझर्ट' हे तिथले दगडी दालन काही काळ पुन्हा उघडे पडले. जलाशयाच्या कड्यांवर आता क्षारांचा पांढरा पट्टा दिसतो. सकाळचे ऊन त्यालाही क्षणभर तांबडे करते. त्याखालच्या दगडाचा मूळ रंग पाहायचा, तर पोर्टर यांचे पुस्तकच उघडावे लागते.