चित्रामागची गोष्ट

लेखकांच्या आत्मचरित्रांचा जेवढा ऊहापोह मराठी समीक्षेत झाला, तेवढा चित्रकारांच्या आणि छायाचित्रकारांच्या आत्मकथनांचा झालेला नाही. वास्तविक या कथनांपुढे एक स्वतंत्र वाङ्मयीन प्रश्न उभा असतो. कादंबरीकार जेव्हा आपल्या कादंबरीमागचा अनुभव सांगतो, तेव्हा निर्मिती आणि निवेदन या दोहोंचे माध्यम शब्दच असते. चित्रकार बोलू लागला की मात्र त्याचे शब्द एका अशा वस्तूच्या शेजारी येऊन बसतात, जी शब्दांवाचूनच पूर्ण झालेली आहे आणि वाचक जी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. गोष्ट चित्राला काही देते, की चित्राकडून काही हिरावून घेते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी म्हैसूरमध्ये जन्मलेल्या दोन समकालीनांची आत्मकथने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत: आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांचे 'द टनेल ऑफ टाइम' (१९९८) आणि टी. एस. सत्यन (१९२३–२००९) यांचे 'अलाइव्ह अँड क्लिकिंग' (२००५).

दोघांची जडणघडण एकाच मातीतली. म्हैसूरचे महाराजा कॉलेज दोघांचे, आर. के. नारायण हे एकाचे थोरले बंधू, तर दुसऱ्याचे स्नेही. बेंगळूरू हे दोघांच्याही वाटेवरचे महत्त्वाचे ठिकाण. डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ मध्ये बेंगळूरूत सुरू केलेल्या 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकात लक्ष्मण यांची सुरुवातीची चित्रे आली. १९४८ मध्ये त्याच शहरात निघालेल्या 'डेक्कन हेराल्ड'मध्ये सत्यन यांची वृत्तछायाचित्रकार म्हणून उमेदवारी झाली. पुढे दोघेही मुंबईच्या नियतकालिकांत आले. लक्ष्मण तिथेच स्थिरावले, आणि 'लक्ष्मणरेषा' या नावाने अशोक जैन यांनी केलेल्या अनुवादामुळे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांच्या घरातलेच झाले.

लक्ष्मण यांच्या बालपणातील दोन प्रसंग सर्वांच्या तोंडी आहेत. शाळेत पान काढायला सांगितले असता त्यांनी पिंपळाचे पान काढले आणि गुरुजींनी त्याची वाखाणणी केली, हा एक. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला आणि पुढे कीर्ती झाल्यावर त्याच संस्थेने सन्मानाने बोलावले, हा दुसरा. दोन्ही प्रसंग वेधक आहेत. परंतु त्यांची घडण तपासली तर त्यांतील फरक ध्यानात येतो. पिंपळाच्या पानाच्या प्रसंगात चित्र डोळ्यांपुढे राहते. निमुळते टोक, मधली शीर, वर्गातली ती पाटी किंवा तो कागद हे सारे आपण मनाशी रेखाटू लागतो. नकाराच्या प्रसंगात मात्र चित्रे मागे पडतात आणि पत्र पुढे येते. संस्थेकडे पाठवलेल्या त्या रेखाटनांत काय होते, कोणती रेषा डळमळत होती, कोणती ठाम होती, हे विचारण्याचे भान ऐकणाऱ्याला उरत नाही. त्याला न्यायनिवाडा हवा असतो आणि तो कथेच्या शेवटी मिळतो. यशस्वी माणसाच्या पूर्वायुष्यातील अपमान ही आपल्या लोककथांनाही प्रिय असलेली घडण आहे. तिच्या साच्यात पडले की कोवळ्या वयातील रेखाटन हे केवळ भावी कीर्तीचे तारण होऊन बसते.

सुदैवाने लक्ष्मण यांच्या कथनातील उत्कृष्ट भाग या साच्याबाहेरचा आहे. वाचता येऊ लागण्यापूर्वीच 'पंच' आणि 'स्ट्रँड' यांसारख्या इंग्रजी नियतकालिकांतील चित्रांत हरवून जाणारा मुलगा. घराच्या जमिनीवर, दारांवर, भिंतींवर उमटलेल्या त्याच्या रेघोट्या. खिडकीतून दिसणाऱ्या वाळक्या काटक्या, लाकडे फोडणारे नोकर, समोरच्या इमारतींच्या छपरांवर निरनिराळ्या ढंगांत बसलेले कावळे यांचा त्याला लागलेला छंद. आणि डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराची सही 'काऊ' अशी वाचण्याचा दीर्घकाळ चाललेला गोड गोंधळ. येथे निवेदक आपल्याला कोणताही निर्णय देत नाही. तो पाहण्याची सवय देतो. ही पाने वाचून झाल्यावर 'कॉमन मॅन'च्या चौकटीकडे वळले, तर राजकीय मार्मिकतेच्या मागे असलेले खुर्च्या, फायली, कावळे आणि गळकी छपरे यांचे अचूक ज्ञान नव्याने प्रतीत होते. चित्रामागची गोष्ट चित्रापाशी परत नेते, तेव्हाच ती समीक्षेच्या उपयोगाची ठरते.

सत्यन यांच्यापुढचा पेच याहून अवघड आहे. रेखाटन चुकले तर ते रेखाटणाऱ्याचे. त्यातील माणूस बहुधा स्मृतीतून आणि हातातून घडलेला असतो. छायाचित्रात मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्याचा एक तुकडा येतो. सामान्य माणसांचे रोजचे जगणे हा सत्यन यांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांची छायाचित्रे सौम्य असतात, आरडाओरडा करीत नाहीत. मुलांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षानिमित्त, न्यू यॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मांडली गेली. अशा छायाचित्रकाराने आत्मकथन लिहिले की क्षणाची हकीकत सांगण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे जातो. ज्याने कळ दाबली तो बोलतो. ज्याचा चेहरा टिपला गेला, तो आपल्या वाटेने निघून गेलेला असतो. त्या मुलीला त्या दुपारी भूक लागली होती की कौतुक वाटत होते, हे छायाचित्रकाराच्या शब्दांवरूनच आपण मानून चालतो.

या असमतोलाचे गांभीर्य समजून घेण्यासाठी सत्यन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या देवी-निर्मूलनाच्या चित्रणाचा संदर्भ पुरेसा आहे. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या मोहिमेतील कार्यकर्ते खेडोपाडी हिंडताना देवी आलेल्या एका मुलाचे छायाचित्र छापलेले ओळखपत्रक जवळ बाळगीत आणि असा रुग्ण कुठे पाहिला आहे काय, असे दारोदार विचारीत. छायाचित्राचे इतके निखळ प्रयोजन क्वचितच आढळेल. ते कलाकृती नव्हते, कुणाची आठवणही नव्हते. तो एक प्रश्न होता आणि त्याने जीव वाचवले. परंतु त्या पत्रकावरचे मूल कोण, ते जगले काय, हे दार उघडणाऱ्याला कळत नसे. समाजाच्या इतिहासात ते छायाचित्र कृतार्थ झाले. त्या मुलाच्या इतिहासात त्याची नोंद कोणती, हे अनुत्तरितच राहिले. छायाचित्रकाराच्या आत्मकथनाकडे या जाणिवेने पाहिले, म्हणजे त्याच्याकडून कोणती अपेक्षा करावी हे स्पष्ट होते. प्रसंग किती अवघड होता आणि आपण तो किती कौशल्याने टिपला, यापेक्षा समोरच्या माणसाच्या अस्तित्वाला त्याने किती जागा सोडली, हे महत्त्वाचे. सत्यन यांच्या निवेदनातील नम्रता आणि विनोद ही जागा पुष्कळदा सोडतात. जेथे नामवंतांच्या भेटींचा ओघ सुरू होतो, तेथे मात्र छायाचित्र हे ओळखीचे प्रमाणपत्र होऊ लागते आणि कथनाची पकड सैल पडते.

रोलाँ बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या पुस्तकात आपल्या आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी विस्ताराने लिहिले आणि ते छायाचित्र पुस्तकात छापले नाही. परक्या वाचकाला त्यात केवळ एक जुने चित्र दिसेल, ही त्यामागची भूमिका. बार्थ यांनी गोष्ट दिली आणि चित्र राखून ठेवले. संग्रहालयात नेमके उलट घडते: चित्र भिंतीवर येते आणि गोष्ट दोन ओळींच्या पाटीत आक्रसते. बेंगळूरूच्या कस्तुरबा मार्गावर व्यंकटप्पा कलादालनाच्या शेजारपट्टीत २०२३ मध्ये कला आणि छायाचित्र संग्रहालयाची वास्तू खुली झाली. सत्यन यांच्या छायाचित्रांचा संग्रह त्यांच्या कुटुंबीयांच्या न्यासाकडून याच संस्थेकडे आला आहे. त्याच शहरात २००७ पासून व्यंगचित्रांचे स्वतंत्र दालनही आहे. वृत्तपत्राच्या एका दिवसासाठी जन्मलेली चित्रे अशा रीतीने दीर्घायुषी झाली. या नव्या आयुष्यात त्यांच्यासोबत कोणती गोष्ट जाणार, हा प्रश्न आता संग्राहकांचा, ग्रंथपालांचा आणि अभ्यासकांचाही झाला आहे.

या दोन आत्मकथनांवरून एक कसोटी हाती लागते. चित्रामागची गोष्ट चित्रकाराच्या मोठेपणापाशी संपत असेल, तर ती चरित्राचे साधन होय; तिचा मान चरित्रकाराने राखावा. ती चित्रातील वस्तूकडे, माणसाकडे, प्रकाशाकडे वाचकाची दृष्टी वळवीत असेल, तर ती चित्राच्या आशयाचा भाग होते. पहिल्या प्रकारची गोष्ट एकदा ऐकली की चित्र पाहण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या प्रकारची ऐकल्यावर चित्र पुन्हा पाहावे लागते. म्हैसूरच्या खिडकीतून दिसणारे कावळे आणि देवीच्या पत्रकावरचे निनावी मूल या दुसऱ्या प्रकारात मोडतात. अशा गोष्टी वेचून, तपासून त्या त्या चित्राशेजारी ठेवणे, आणि जेथे चित्रातील माणसाचा आवाज मिळालाच नाही तेथे ती रिकामी जागा प्रामाणिकपणे रिकामी दाखवणे, हे या क्षेत्रातील समीक्षेचे पहिले काम आहे.