इंग्रजीच्या पदवीला काय लागते?

निवृत्तीनंतर मी वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसतो. गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक मुलगा अर्ज घेऊन आला. बारावी कला, गावच्या मराठी शाळेतला. म्हणाला, "सर, इंग्लिश स्पेशल घ्यायला काय लागतं?" मी त्याला विद्यापीठाचे उत्तर दिले. बारावी पास, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. तो गेला आणि मला माझीच लाज वाटली. एकतीस वर्षे हा विषय शिकवूनही मी त्याला कारकुनाचे उत्तर दिले होते. खरे उत्तर लांब आहे. ते येथे लिहितो.

कागदावर हिशेब सोपा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पण क्रेडिट कशाचे? २०१५ साली आयोगाने इंग्रजी ऑनर्ससाठी एक नमुना अभ्यासक्रम काढला होता. त्यात चौदा मुख्य पेपर होते आणि त्यांपैकी सहा सरळसरळ ब्रिटिश साहित्याचे, चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत. पहिला पेपर भारतीय अभिजात साहित्याचा. त्यात कालिदास, शूद्रक, महाभारतातला द्यूतप्रसंग. म्हणजे पोराने आधी संस्कृतच्या ओसरीवर बसायचे आणि मग साहेबाच्या दिवाणखान्यात जायचे.

यात बाबासाहेब कुठे होते? माझ्या मते सगळे दुखणे येथेच आहे. 'भारतीय इंग्रजी लेखन' असा स्वतंत्र पेपर त्या नमुन्यात होता. त्यात आर. के. नारायण, अनिता देसाई, इझिकेल, कमला दास होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या माणसाने १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मुळातच इंग्रजीत लिहिले, लाहोरच्या मंडळाने परिषदच रद्द केल्यावर स्वखर्चाने छापले, तो माणूस इंग्रजी लेखक म्हणून त्या पेपरात नव्हता. तो होता 'लोकप्रिय साहित्या'च्या पेपरात, 'भीमायन' या चित्रकथेचा नायक म्हणून. शेजारी लुईस कॅरोलची अॅलिस आणि अगाथा ख्रिस्तीचा खून. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांचे ते काम थोर आहे, मी ते अनेकांना भेट दिले आहे. प्रश्न चित्रांचा नाही. प्रश्न असा की, बाबासाहेबांचे चरित्र चालते, त्यांचे वाक्य का चालत नाही? त्यांचा युक्तिवाद, उपरोध, वकिली शिस्तीत बांधलेला परिच्छेद यांना गद्य म्हणून शिकवायला प्रस्थापित इंग्रजी विभागाला काय अडचण होती? अडचण एकच. ज्याच्यावर दया करता येते तो नायक होतो. ज्याच्याकडून शिकावे लागते तो लेखक होतो.

आणि जे थोडेफार आत आले तेही केव्हा बाहेर जाईल याचा नेम नाही. ऑगस्ट २०२१मध्ये दिल्ली विद्यापीठाने इंग्रजी ऑनर्सच्या स्त्रीलेखनाच्या पेपरातून बामा आणि सुकिर्तराणी या दोन दलित लेखिका काढल्या. महाश्वेतादेवींची 'द्रौपदी'ही काढली. त्याऐवजी आल्या पंडिता रमाबाई. रमाबाई आपल्याकडच्या, मोठ्या धैर्याच्या. पण एका दलित स्त्रीला उठवून त्या जागी त्यांना बसवणे हा रमाबाईंचाही सन्मान नव्हे. विद्वत्सभेतल्या पंधरा सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला. निर्णय झाला तो झालाच.

आता आपल्याच काही मित्रांशी भांडतो. ते म्हणतात, ही गोऱ्यांची पोथी फेकून द्या. मला हे पटत नाही. १९७२च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. पुढे कॉलेजात 'जेन एअर' लागली. लोवूडच्या अनाथ मुलींना करपलेली लापशी वाढतात तो भाग. आमच्या प्राध्यापकांनी लापशी म्हणजे काय हे बराच वेळ समजावले. वर्गात उपाशी कोण आहे हे विचारले नाही. मला मात्र त्या लापशीचा वास आला, कारण सुकडीला असाच वास यायचा. १८४७ साली एका पाद्र्याच्या मुलीने लिहिलेले ते पान माझे होते. ते माझ्याकडून काढून घेण्याचा अधिकार मी कोणाला देणार नाही, मित्रालाही नाही.

याच प्राध्यापकांनी एकदा मला उभे करून उतारा वाचायला लावले. माझ्या 'श' आणि 'स'वर वर्ग हसला. ते म्हणाले, "हा विषय तुम्हा लोकांचा नाही. मराठी घ्या." गंमत अशी की मराठीचे प्राध्यापक आमच्या 'न' आणि 'ण'वरून हेच म्हणत होते. त्यांनी राज्यशास्त्र सुचवले होते.

नैरोबी विद्यापीठात १९६८ साली न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच रद्द करा अशी मागणी केली. आपल्याकडे ती अर्धीच ऐकली गेली. त्यांचे म्हणणे शेक्सपिअर जाळा असे नव्हते. मधल्या पाटावर आफ्रिका बसवा आणि बाकीचे तिच्या भोवती मांडा, असे होते. आपण मुंबई विद्यापीठ १८५७ साली काढले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचे स्वतंत्र शिक्षण १८९४ साली सुरू झाले. साहेबाने घरी शिजवण्याआधी आपल्याला वाढले आणि आपण अजून ताट बदललेले नाही.

पण अभ्यासक्रमापेक्षा मोठा गुन्हा परीक्षेचा आहे. माझ्या अनुभवात इंग्रजीची पदवी स्वतःचे एकही वाक्य न लिहिता मिळत असे. बाजारात गाईड, गाईडात दहा अपेक्षित प्रश्न, त्यांतले सहा पाठ. ज्याच्या घरी इंग्रजी आहे तो गाईड न वाचता पास होतो आणि ज्याच्या घरी नाही तो गाईड वाचून पास होतो. दोघांची गुणपत्रिका सारखी दिसते. नोकरीच्या मुलाखतीत दुसरा तोंड उघडतो आणि तीन वर्षांची फसवणूक तेथे उघडी पडते. मुलाखत घेणारे म्हणतात, आरक्षणाचे आहेत. मी एकदा प्रश्नपत्रिकेत विचारले होते, 'तुमच्या गावातल्या एका वादाचे वर्णन दोनशे शब्दांत करा.' मंडळाने प्रश्न खोडला. शेरा होता, अभ्यासक्रमाबाहेरचा.

नव्या आराखड्यात आणखी एक सोय आहे. एक वर्षानंतर ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर ८० क्रेडिटवर पदविका घेऊन बाहेर पडता येते. याला लवचिकता म्हणतात. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, बाप आजारी पडला, बहिणीचे लग्न निघाले, की दारातून कोण बाहेर पडणार हे सांगायला समिती नेमायची गरज नाही. पूर्वी तो मुलगा 'गळाला' असे आपण म्हणायचो आणि कोणाला तरी जाब विचारायचो. आता त्याच्या हातात प्रमाणपत्र असेल, मग जाब कोणाला विचारणार?

तो मुलगा पुन्हा आला. प्रवेश झाला होता. मी त्याला म्हणालो, आठवड्याला एक पान लिहून आण. घरात, गल्लीत जे बोलले जाते ते इंग्रजीत आण. पहिल्याच पानात त्याने पणजोबांवर लिहिले आणि 'येसकर' शब्दाशी अडला. शब्दकोश पाहून 'वॉचमन' लिहिले होते. मी विचारले, वॉचमनला पगार असतो ना? मग पाळीची भाकर कुठे गेली? दारोदार फिरणे, कोरड्यासासाठी धरलेले भांडे, पाटलाची शिवी? वॉचमनच्या हातात तुझ्या पणजोबाची काठी तेवढी राहिली. त्याने तो शब्द खोडला. दुसऱ्या आठवड्यात 'येसकर' तसाच ठेवून त्याच्यापुढे पाच ओळी लिहून आणल्या. त्यांत व्याकरणाच्या सात चुका होत्या. आम्ही त्या एकेक करून दुरुस्त केल्या, दीड तास लागला.

आता तो दुसऱ्या सत्रात आहे. पाने चौदा झाली आहेत. ती कोणत्याच क्रेडिटमध्ये धरली जात नाहीत.