सामाजिक तथ्य
फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) यांची मूलभूत संकल्पना. व्यक्तीच्या बाहेर असणाऱ्या व तिच्यावर बंधन घालणाऱ्या आचारविचारांच्या रीती म्हणजे सामाजिक तथ्ये. त्यांचा अभ्यास वस्तूंप्रमाणे करावा, असे त्यांनी १८९५ मध्ये प्रतिपादिले. आत्महत्येवरील ग्रंथात (१८९७) त्यांनी या नियमाचे उपयोजन केले. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत आत्महत्येचे प्रमाण अधिक आढळते, याचे कारण त्यांनी सामाजिक एकात्मतेच्या शैथिल्यात शोधले. सरकारी नोंदींतील आत्महत्येची ‘कारणे’ ही अधिकाऱ्यांची मते म्हणून त्यांनी अविश्वसनीय ठरविली. तथापि त्याच नोंदींतील संख्या मात्र स्वीकारल्या. येथेच या पद्धतीची उणीव दिसते. मृत्यू ही घटना असली, तरी त्याला आत्महत्या म्हणणे हा निर्णय असतो. जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये यावरच बोट ठेवले. जेथे आत्महत्या पाप मानली जाते व आप्तसंबंध दृढ असतात, तेथे ती लपविली जाण्याचा संभव अधिक. म्हणजे एकात्मतेमुळे आत्महत्या घटतात की केवळ त्यांच्या नोंदी घटतात, हे संख्येवरून ठरत नाही. यामुळे आकडेवारी त्याज्य ठरत नाही. परंतु ती नोंदविणाऱ्यांचे अर्थनिर्णयन हाही संशोधनाचा विषय ठरतो.