वैराचा भावबंध : 'बॅबिलॉन फाइव्ह'मधील लोंडो आणि जकार

दीर्घता ही दूरचित्रवाणी-मालिकेची मर्यादाच मानली जाते. भाग वाढतात, व्यक्तिरेखा मात्र जिथल्या तिथे राहतात. १९६६ ते १९६९ मधील मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांचा स्नेह कितीही हृद्य असला, तरी भागाच्या अखेरीस तो बहुधा मूळ पदावर येतो. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांच्या 'बॅबिलॉन फाइव्ह'ची (१९९४-१९९८) रीत निराळी आहे. पाच वर्षांचा कथापट आधी योजून रचलेल्या या मालिकेच्या ११० भागांपैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले. येथे घडलेले पुसले जात नाही. भावबंधाचा विकास संभवतो तो त्यामुळेच.

सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत लोंडो मोलारी आणि त्या साम्राज्याने एकेकाळी गुलाम केलेल्या नार्न जमातीचा राजदूत जकार यांच्या नात्यात याचा प्रत्यय सर्वाधिक येतो. आरंभीच लोंडो आपले स्वप्न सांगतो : वृद्धपणी तो आणि जकार एकमेकांचा गळा आवळून मरणार आहेत. शेवट असा उघड केल्यावर घटनेची उत्सुकता मागे पडते आणि त्या कृतीचा अर्थ काय, हा प्रश्न उरतो.

'द कमिंग ऑफ शॅडोज' (१९९५) या भागात सेंटॉरी सम्राटाला नार्न लोकांची क्षमा मागायची होती, हे जकारला कळते. त्याच सम्राटाच्या हत्येसाठी तो सिद्ध झालेला असतो. हर्षभरित होऊन तो लोंडोला पेय देऊ करतो. लोंडोने मात्र उसन्या शक्तीच्या बळावर नार्न वसाहतीवर हल्ला घडवून आणलेला आहे. सलोख्याचा पहिला क्षण आणि विश्वासघात एकाच पेल्यात! पुढे नार्न ग्रहाचा विध्वंस होतो तेव्हा लोंडो जहाजाच्या खिडकीतून तो निःशब्दपणे पाहतो. पीटर जुरासिक यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटते, ते संवादांत मावले नसते.

तिसऱ्या वर्षात (१९९६) सतरा वर्षांनंतरचा तो मृत्यू प्रत्यक्ष दिसतो. परक्या परजीवीच्या अंमलाखाली असलेला सम्राट लोंडो त्या जीवाला मद्याने निजवून जकारकडे मरणाची याचना करतो. हात तेच, गळाही तोच. हत्या मात्र आता दयेची कृती ठरते. त्यानंतरचे सर्व भाग प्रेक्षक या दृश्याच्या उजेडात पाहतो. वेड्या सम्राट कार्टाजियाच्या दरबारात चाळिसावा फटका मृत्यूचा ठरलेला असताना जकार एकोणचाळिसाव्याला ओरडतो. हा अपमान पत्करून तो जगतो, कारण लोंडोशी झालेल्या करारात नार्नची मुक्तता आहे. रसविचाराच्या परिभाषेत, येथे स्थायीभावच पालटतो; मात्र जुना क्रोध नाहीसा न होता नव्या भावाच्या पोटात संचारीसारखा वावरत राहतो.

दोष आहेतच. जकारच्या परिवर्तनाचा उगम 'डस्ट टु डस्ट'मधील (१९९६) साक्षात्कारात आहे, आणि तो एका श्रेष्ठ परजीवाने त्याच्या मनात पेरलेला आहे. मनुष्यस्वभावातून जे उमलायला हवे होते ते वरून आले, हा आक्षेप टळत नाही. चाबकाच्या फटक्यांनी तो काहीसा सौम्य होतो इतकेच. मालिका बंद पडण्याच्या भयाने चौथे वर्ष घाईचे झाले आणि दुसऱ्या वाहिनीवर लाभलेले पाचवे सैल. तरीही अंगरक्षक जकार आणि त्याचा लोंडो यांची कुरबूर या सैलपणातच फुलली, हेही नमूद करावे लागेल.

१९९८ मधील निरोपात जकार एक सूक्ष्म भेद करतो. त्याची जमात लोंडोच्या जमातीला क्षमा करणार नाही. तो स्वतः मात्र लोंडोला करतो. आंद्रेआस कात्सुलास हे वाक्य जवळजवळ कुजबुजतात. दृश्य उत्तम आहे, पण मारल्या गेलेल्या नार्नांच्या वारसांना या क्षमेविषयी काय वाटेल, ते सांगणारा दुसरा एकही नार्न स्वर त्यानंतर ऐकू येत नाही.