वळिवड्याचे सोबती

मालवणाहून घाट चढला की कोल्हापूर फार दूर नाही. परंतु तेथील वळिवडे गावी १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे आमच्या किनाऱ्यावर थोड्यांसच ठाऊक असेल. स्टालिनच्या हद्दपारीतून सुटून येथे वाढलेल्या मुलांच्या मंडळाने उतारवयात ‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याची इंग्रजी आवृत्ती २००९ ची. अनेक हातांच्या आठवणींत एकसूत्रता येत नाही, हा दोष आम्हांस मान्य आहे. तथापि पूर्व पोलंडातील त्यांचे प्रांतच युद्धानंतर सोव्हिएत राज्यात गेले. परतावयास घर उरले नाही. अशा वृद्धास ‘होय, असेच घडले’ म्हणणारा सोबती लाभणे, हाच निवारा. ग्रंथाचे खरे मोल आम्ही त्यातच मानतो.