कुणी केलं ते गावाला ठावं असतं

मराठी गुप्तहेर गावात फारसा राहिला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही सगळी मंडळी मोटारी पळवणारी, मुंबईच्या हवेत वाढलेली. सुहास शिरवळकरांच्या मंदार पटवर्धनला आणि फिरोज इराणीला शहरच लागतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा खरा, पण त्याची धावपळ सुरू होते पुण्याच्या विद्याभवनात दाखल झाल्यावर. (आता फुरसुंगीलाच लोक पुणे म्हणतात, तो भाग वेगळा.)

दुसऱ्या कपाटात गाव आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर. या तिघांनी गावोगाव कथाकथन करून महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. तिथं चोरी आहे, भूत आहे, अफवा आहे, भांडणं तर आहेतच. फक्त गुप्तहेर नाही.

या दोन कपाटांच्या मध्ये जी जागा आहे, तिथं मी गेली दोन वर्षं खुर्ची टाकून बसलोय. मी मिरजगावचा, नगर-सोलापूर रस्त्यावरच्या. पोटासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवार गावातल्या विनोदी रहस्यकथा लिहितो. त्या कुठल्या प्रकाशकाकडे न पाठवता स्वतःच काढायच्या असं ठरवलंय. त्यामुळे हा लेख तटस्थ समीक्षकाचा नाही. नवीन प्रोजेक्टवर गेल्यावर आधीच्या लोकांनी लिहिलेला कोड वाचतात, तसं मी हे सगळं वाचलं: काय चालतं, काय आपल्याकडे आणल्यावर बंद पडतं.

इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. छोटं गाव, ओळखीची माणसं, रक्त कमी, चहा जास्त, शोध घेणारी व्यक्ती पोलिसातली नव्हे तर शेजारची कुणीतरी, आणि शेवटी गाव पुन्हा पहिल्यासारखं. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1930 साली पहिल्यांदा कादंबरीत आली, 'द मर्डर ॲट द व्हिकारेज'मध्ये. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यातली ही म्हातारी विणकाम करता करता खून उलगडते. तिची पद्धत मला फार आवडते. समोरचा माणूस पाहिला की तिला गावातला कुणीतरी आठवतो, ज्यानं कधीकाळी अशीच छोटी लबाडी केली होती. गावातल्या क्षुल्लक गोष्टींचा साठा हीच तिची प्रयोगशाळा. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे वाचून दाखवा, 'यात काय विशेष' म्हणेल.

हे गावातच का घडतं, याचं उत्तर कवी ऑडेननं 1948 च्या 'द गिल्टी व्हिकारेज' या निबंधात दिलंय. त्याच्या मते रहस्यकथेची जागा जितकी स्वर्गासारखी निष्पाप, तितका तिथला खून जास्त खटकतो. गुन्हेगार बाहेर काढला की ती जागा पुन्हा निष्पाप होते. म्हणून शहरापेक्षा खेडं बरं. लेखकांनी मग हे इतकं ताणलं की 'मर्डर, शी रोट' या अमेरिकी मालिकेतल्या कॅबट कोव्ह नावाच्या गावाची चेष्टाच सुरू झाली. 1984 ते 1996 अशी बारा वर्षं चाललेली मालिका, एवढंसं गाव, आणि खून किती! अशा गावात घरभाडं स्वस्त असणार.

आता हा स्वर्ग मिरजगावात आणून ठेवा.

मी पहिला खर्डा तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, वाचायला दिला. सोसायटीच्या निवडणुका कोळून प्यालेला माणूस. त्यात एका सावकाराचा खून होता आणि सात संशयित. तात्यांनी मोबाईलवर दोन रात्रींत वाचून काढला. म्हणाले, "चांगलंय. पण आरं, कुणी केलं ते गावाला ठावंच असतं. तेवढं शोधायला तू दोनशे पानं कशाला घालवली?" मी म्हटलं, "मग रहस्य कशात असतं तात्या?" तर म्हणाले, "बोलायचं कुणी, ह्यात."

मराठी रहस्यकथेवर मी इतकी नेमकी टीका दुसरीकडे वाचलेली नाही. ख्रिस्तीच्या गावात माहिती लपलेली असते आणि ती उघड झाली की न्याय होतो. आमच्याकडे माहिती पारावर, टपरीवर, पिठाच्या गिरणीत उघडी पडलेली असते. अडतं ते पुढे. पंचनाम्यावर सही कोण करणार, कोर्टात उभं कोण राहणार, आणि उभं राहून परत आल्यावर त्याच्या शेताची वाट कुणाच्या बांधावरून जाते.

हे मी हसत हसत लिहू शकलो असतो, पण मी ज्या जिल्ह्याचा आहे तिथं ते सोपं नाही. 28 एप्रिल 2014 ला शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या सत्र न्यायालयानं खटल्यातल्या आरोपींना निर्दोष सोडलं. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. म्हणजे त्या निकालानंतर कागदावर मेलेला मुलगा उरला आणि मारणारा कुणीच नाही. आणि 13 जुलै 2016 ला आमच्याच कर्जत तालुक्यात कोपर्डी घडलं, ज्यानंतर अख्ख्या महाराष्ट्रात मोर्चे निघाले. तेव्हा मी कॉलेजात होतो. गावाचं नाव सांगितलं की हॉस्टेलवरची मुलं पुढचा प्रश्न काय विचारणार, ते आधीच कळायचं. मला त्या प्रश्नांत एक गोष्ट दिसली. पहिलं कुतूहल 'कसं झालं' हे नसायचं, 'कुणाचा होता' हे असायचं.

ऑडेनचा स्वर्ग इथं मोडतो. खुनाआधी आमचं गाव निष्पाप नव्हतं, त्यामुळे गुन्हेगार धरल्यावर परत जायला तशी जागाच नाही. खून हा कोझीचा कच्चा माल आहे, आणि आमच्याकडे खुनाला जात असते. त्याला चहा-भज्यांबरोबर कोडं म्हणून वाढायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. कुणी करू नये असं मी म्हणत नाही. गंभीर कादंबरी तो भार उचलेल, उचलावाच. हलकीफुलकी रहस्यकथा तो उचलायला गेली की नकळत खोटं बोलते.

नावांचंही बघा. संशयितांची यादी हा या प्रकाराचा कणा. इंग्रजीत कर्नल, डॉक्टर, पाद्री, विधवा मावशी अशी यादी निघते. मराठीत तुम्ही सात आडनावं लिहा. वाचक पुरावे बघायच्या आधी आडनावं बघतो आणि लेखक कुणाला वाचवणार, कुणाला अडकवणार याचा अंदाज बांधतो. गुप्तहेराला पटवर्धन म्हणता येतं, इराणी म्हणता येतं. चोराला आडनाव देऊन बघा! पूर्वी हे ओझं प्रकाशकाच्या संपादकावर थोडं ढकलता यायचं. स्वतःच पुस्तक काढणाऱ्याला 'हे बदला' म्हणणारं कुणी नसतं, आणि 'हे राहू द्या, मी बघतो' म्हणणारंही कुणी नसतं.

इथं मी मिरासदारांकडे परत गेलो. अकलूजला 1927 साली जन्मलेला, 2021 मध्ये गेलेला हा लेखक आपण 'ग्रामीण विनोद' असं लेबल चिकटवून मोकळे झालो. भोकरवाडीच्या गोष्टी पुन्हा वाचा, रहस्यकथाकार म्हणून वाचा. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर. आडनावंही आहेत तिथं, पण डोक्यात राहतात ती ही नावं. माणूस ओळखला जातो तो स्वभावावरून, अंगावरून, धंद्यावरून. गावात खरंच असंच असतं. आमच्या गल्लीत एकाला अजून 'मीटर' म्हणतात आणि त्याचं आडनाव मला आठवत नाही. दुसरं म्हणजे भोकरवाडीत गोष्ट बहुतेक वेळा अफवेवर चालते. कुणीतरी काहीतरी बोलतं, दुसरा त्यात भर घालतो, रिकामटेकडी मंडळी खोलात शिरायला निघतात आणि भलत्याच ठिकाणी जाऊन आपटतात. 'भुताचा जन्म' हे शीर्षकच बघा: भूत नसतं, ते लोकांच्या तोंडून जन्माला येतं. ही रहस्यकथेची उलटी चाल आहे. तिथे घटना आधी घडते आणि बोलणं नंतर येतं. मिरासदारांकडे बोलणं आधी येतं आणि त्यातून घटना घडते. पारावरचा संवाद म्हणजे मोकळा वेळ नव्हे, ती तपासाची खोली आहे, हे मला ख्रिस्तीपेक्षा भोकरवाडीनं जास्त शिकवलं.

एक तक्रार मात्र आहे. भोकरवाडीच्या बैठकीत बायका कडेकडेनंच. गावातली निम्मी माहिती त्यामुळे कथेच्या बाहेरच राहते. मिस मार्पल पुरुष असती तर एकही गुन्हा सुटला नसता. म्हणून माझी शोध घेणारी बाई आशा सेविका आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, म्हणजे गावाच्या मानानं भरपूर घरं. तिला कुठल्याही उंबऱ्यावर 'काय काम काढलं' असं कुणी विचारत नाही. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा ताप उतरला नाही, कुणाच्या गोळ्या चुकल्या, सगळं रजिस्टरमध्ये. आणि मानधन थकलेलं असल्यामुळे ती कायम थोडी चिडलेली असते, हे विनोदाला बरं.

तिचा जोडीदार दूध संकलन केंद्रातला पोरगा. आमच्या भागात रोज सकाळ-संध्याकाळ निम्मं गाव किटली घेऊन तिथं येतं. लिटर, फॅट, एसएनएफ, वेळ, सगळं मशीनमधून छापून निघतं. कोण कधी कुठे होतं, याचा असा पुरावा स्कॉटलंड यार्डकडेही नसेल. एखाद्याचं दूध अचानक पातळ झालं, एखाद्याच्या घरून म्हाताऱ्याऐवजी सून आली, की काहीतरी घडलंय. त्यात शेतीच्या विजेचं वेळापत्रक घाला. या आठवड्यात रात्री वीज, म्हणजे निम्मे पुरुष मध्यरात्री मोटार चालू करायला रानात. सगळ्यांनाच घराबाहेर असण्याचं प्रामाणिक कारण! मला असं कोडं डोकं लावून रचता आलं नसतं.

गुन्हा कुठला, हे शासनानंच सुचवलं. 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावानं भांडणं गावातच मिटवायची, समिती नेमायची, मूल्यमापन व्हायचं आणि यशस्वी गावाला बक्षीस. हेतू चांगला होता आणि पुष्कळ ठिकाणी बांधाची, वाटण्यांची भांडणं खरोखर मिटली. पण लेखकाच्या डोळ्यानं बघा: बक्षीस हवं असलेल्या गावात गुन्हा घडलाच नाही, असं सगळ्यांनाच वाटायला हवं. माझ्या पहिल्या गोष्टीत मूल्यमापनाच्या आदल्या आठवड्यात सार्वजनिक विहिरीवरची मोटार चोरीला जाते. चोर कोण ते तिसऱ्या पानावर सगळ्यांना कळतं. पुढची चाळीस पानं पोलीस पाटलापासून सरपंचापर्यंत सगळे मिळून, चोराच्या मदतीनं, चोरी झालीच नाही हे सिद्ध करायला धडपडतात. आशाताईंना मात्र टाकीत पाणी हवंय.

अलेक्झांडर मॅकॉल स्मिथनं 1998 पासून बोट्स्वानातल्या रामोत्स्वेबाईंच्या कथा अशाच चालवल्यात: पळालेले नवरे, तोतये नातेवाईक, किरकोळ फसवणूक. खून जवळजवळ नाहीतच आणि वाचक जगभर आहेत. त्यामुळे खुनाशिवाय रहस्य पांगळं, हा आक्षेप मी मनावर घेत नाही.

आता स्वतः प्रकाशित करण्याविषयी, थोडक्यात. दार उघडं आहे हे खरं. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. किंडलवर मराठी पुस्तक घरबसल्या चढवता येतं. सत्तर टक्के रॉयल्टी हवी तर भारतातल्या विक्रीसाठी त्यांच्या 'सिलेक्ट' योजनेत जावं लागतं, म्हणजे तेवढा काळ ते ई-पुस्तक इतर कुठेही ठेवता येत नाही. मराठी फॉन्टच्या भानगडी आहेत, फाइलची भाषा नीट नोंदवली नाही तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात आणि तात्यांसारखा माणूस पहिल्याच पानावर 'हे आपलं नाही' म्हणतो. हे सगळं सुटतं, माझा धंदाच तो आहे.

न सुटणारं आहे ते गतीचं. प्रतिलिपीसारख्या ॲपवर गोष्ट भागांत जाते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला धक्का हवा असतो. अर्नाळकरांना हे छान जमलं असतं. पण गावाचा विनोद धक्क्यावर चालत नाही, तो रेंगाळण्यावर चालतो. एक माणूस सायकल भिंतीला लावतो, तंबाखू मळतो, चुना जास्त झाला म्हणून शिवी देतो आणि मग म्हणतो, "ते मोटारीचं कळलं का?" ही तंबाखू कापली तर उरते नुसती बातमी. मी एक भाग दोन पद्धतींनी लिहून मित्रांना पाठवला. धक्क्याचा भाग सगळ्यांनी पूर्ण वाचला. तंबाखूचा भाग निम्म्यांनी अर्ध्यावर सोडला, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाक्यं बोलली जात होती ती त्यातली.

मी तंबाखू ठेवतोय. सावकाराचा खून फाइलमधून काढून टाकलाय. सध्या चार गोष्टी तयार आहेत: मोटार, बोगस लाभार्थी, सातबाऱ्यावर अचानक उगवलेला वारस आणि जत्रेच्या वर्गणीचा हिशेब. चौथीवर तात्या अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, वर्गणी कुणी खाल्ली ते गोष्टीत सांगू नको, नाव बदललं तरी लोक ओळखतील. मी विचारलं, "तात्या, ही गोष्ट तर मी मनानं रचलीय. तुम्ही कुणाबद्दल बोलताय?" त्यावर ते मशीनवर दूध घालायला निघून गेले.