कोपऱ्यातली चौकट

आज तुमचे चेहरे मला दिसताहेत, त्यामुळे कोण कंटाळलंय ते लगेच कळेल. पुण्यात वक्त्याला हे फार लवकर कळतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून इथला श्रोता वक्त्याला आधी कपाळावरच्या आठीनं उत्तर देतो, टाळ्या नंतर. (हशा)

2021 मध्ये आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची शोकसभा ऑनलाइन झाली. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. बोलायची पाळी माझी आली. बहुतेकांचे कॅमेरे बंद, काळ्या चौकटींत नुसती नावं. मी बघत होतो तो चेहरा एकच, माझा. अण्णांच्या आजारपणाबद्दल बोलताना चष्म्यावर खिडकीचा उजेड पडलेला दिसला, म्हणून मी मान जरा वळवली. मग लक्षात आलं, की मी दुःखी दिसतोय की नाही हेही मघापासून तपासतोय. त्याची लाज अजून गेलेली नाही.

लोक याला आत्मप्रेम म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस बोलताना समोर चेहरा शोधतो आणि तिथं जो मिळेल त्याच्याशी बोलू लागतो. बाकी सगळे गप्प, अंधारात. मग आपण आपल्यालाच श्रोता करतो. आणि हा श्रोता वाईट असतो, कारण तो ऐकत नाही, नुसता बघतो.

स्टॅनफर्डचे जेरेमी बेलनसन यांनी 2021 मध्येच व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली. स्वतःचं चित्र सतत समोर असणं हे त्यातलं एक. दिवसभर कुणीतरी आरसा धरून आपल्या मागे मागे फिरतंय, असा त्यांचा दाखला. दाखला चांगला आहे, पण ‘थकवा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. थकवा झोपेनं जातो. शोकसभेत जे झालं ते झोपेनं जाण्यासारखं नव्हतं.

आपल्याकडे नाटकवाल्यांनी ही सोय फार पूर्वी लावून ठेवलीय. आरसा रंगपटात, प्रेक्षक समोर. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 चा. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे आपण सांगू नये. एवढं मात्र खरं, की रंगमंचावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. तो प्रेक्षकांच्या हवाली होता. तेच बालगंधर्व 1935 मध्ये इथं पुण्यात, प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. प्रभातबरोबरचा त्यांचा तो एकच चित्रपट. कॅमेऱ्यापुढे प्रेक्षक नव्हता, पण निदान आपलाच चेहरा आपल्याकडे बघत नव्हता. आपल्या नशिबी प्रेक्षकही नाही, वर हा आरसा.

आणि आरसाच बरं का! बहुतेक वेळा ते चित्र डावं-उजवं उलटं असतं. समोरच्यांना आपण सुलट दिसतो. म्हणजे मी जो भांग नीट करत बसतो, तो त्यांना दिसतो तसा नसतोच. (हशा)

आता चौकट लपवायची सोय आहे. झूममध्ये आपल्या चित्रावरच्या तीन टिंबांत ती सापडते. पण दिसणं हे गृहीत आणि लपवणं ही खटपट, हे कुणी ठरवलं? माझा आक्षेप तिथं आहे. सुरुवातीला अर्धा मिनिट दाखवा, कॅमेरा नीट बसलाय का बघू द्या, मग आपोआप घालवा. ज्यांना हवी ते परत आणतील. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांना हात चौकटीत आहेत ना हे बघावंच लागतं, त्यांच्यासाठी ती राहायलाच हवी. माझ्यासारख्या तोंडाची वाफ दवडणाऱ्याला तिचं काय काम?

त्या शोकसभेनंतर एका सहकारी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘वहिनी शेवटपर्यंत कॅमेरा चालू ठेवून बसल्या होत्या. तुम्ही बोलत होतात तेव्हा त्यांनी हात जोडले. पाहिलंत ना?’

वरच्याच ओळीत होत्या म्हणे. मी पाहिलं नव्हतं.